म्हशीला हात लागला नव्हता

ती म्हैस पडली तेव्हा माझं ड्रोन तिच्या पाठीपासून चांगलं दोन पुरुष उंच होतं. हे आधीच सांगते, कारण पुढे पाच महिने मी ज्यांच्याशी ज्यांच्याशी भांडले, त्यातले बरेच जण याच एका गोष्टीवर अडून बसले होते.

महाडच्या बाजारपेठेत आमचं फोटोचं आणि झेरॉक्सचं दुकान आहे. नवरा एसटीत चालक, त्यामुळे दुकान पहिल्यापासून माझ्याच अंगावर. पासपोर्टचे फोटो, बारशी, साखरपुडे, लग्नं. पुढे लग्नवाल्यांना वरून काढलेली वरात हवी झाली, म्हणून एक लहान ड्रोन घेतलं. मग एके दिवशी रस्त्याच्या कामावरचे दोघं नकाशांच्या झेरॉक्स काढायला आले. काउंटरवरचं ड्रोन बघून त्यांनी विचारलं, "डोंगराची मोजणी जमेल का यावर?" यावर जमणार नव्हती, पण मी "जमेल" म्हणाले. त्यानंतर पुण्याला जाऊन रीतसर शिकले, परीक्षा दिली, सरकारी प्रमाणपत्र घेतलं आणि मोठं ड्रोन आणलं. शिकायला आलेल्या तुकडीत मी एकटी बाई आणि वयानं सगळ्यांत मोठी. पहिल्या दिवशी तिथल्या सरांनी मला विचारलं, "मॅडम, तुम्ही मुलाला सोडायला आलात का?" मी म्हटलं, "नाही, मुलगा महाडला दुकान सांभाळतोय. उडवायला मी आले आहे."

कायद्यानं धंद्याच्या ड्रोनला थर्ड पार्टी विमा लागतोच. म्हणजे आपल्या यंत्रामुळे तिसऱ्याच कुणाचं नुकसान झालं तर ते भरून देण्याचा विमा. ज्या डीलरकडून ड्रोन घेतलं, त्यानंच तो काढून दिला. खोक्यात चार्जर, जादा पाती, आणि त्यांच्याखाली पॉलिसी. मी ती प्लास्टिकच्या पाकिटातून बाहेरसुद्धा काढली नव्हती. यात चूक माझीच, नाही म्हणत नाही.

म्हशीच्या दिवशीचीही चूक माझी होती. पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरमाथ्यावर एक धनगरवाडी आहे. तिथवर रस्ता न्यायचा होता आणि त्याची आखणी करायला उताराचे फोटो हवे होते. दिवाळी होऊन गेली होती, गवत पिवळं पडायला लागलं होतं. सकाळी वारा नव्हता. दहाच्या सुमाराला दरीतून वारा वर चढायला लागला, बॅटरी भराभर उतरली, आणि मी ड्रोन लांबच्या वाटेनं आणायचं सोडून सरळ उतारावरून खाली घेतलं. त्या उतारावर म्हशी चरत होत्या. झाडीमुळे त्या मला दिसल्या नाहीत. आवाज ऐकून त्या एकदम उधळल्या. एक बांधावरून खालच्या खाचरात कोसळली. ती गाभण होती. पुढचा पाय मोडला.

मी धावत पोचले तेव्हा म्हशीची मालकीण तिच्या मानेशी बसली होती. साठी ओलांडलेली, अंगानं काटक बाई. वाडीतली सगळी तिला आजी म्हणत होती, मीही आजीच म्हणाले. तिचे दोन्ही मुलगे मुंबईला कामाला. वर चार म्हशी आणि ती. रोज सकाळी दुधाची किटली घेऊन ती डोंगर उतरून पोलादपूरला यायची.

"आजी, माझ्यामुळे झालं हे," मी म्हटलं.

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुज्यामुळंच झालं. दुसरं कोन हाय हितं?"

"ड्रोन लागलं नाही हो तिला. वरच होतं ते."

"हात नाय लावलास, ठावं हाय मला. मी बघत व्हते. पर तुज्यापायी पडली का नाय ती? सांग गो."

"पडली," मी म्हटलं.

"मग झालं तर."

एवढंच बोलून तिनं म्हशीच्या तोंडाशी पाण्याची बादली धरली. पशुवैद्य दुपारी चढून आले. म्हैस तिसऱ्या दिवशी गेली.

मी खरंच निर्धास्त होते. विमा आहे, तो कशासाठी असतो? त्याच आठवड्यात मी पॉलिसी पाकिटातून काढली आणि क्लेम घातला. कंपनीनं पाहणीसाठी माणूस पाठवला. गाडीरस्ता जिथे संपतो तिथे तो उतरला. वर जाणाऱ्या पायवाटेकडे बघून म्हणाला, "इथूनच फोटो घेतो." त्यानं डोंगराचा फोटो घेतला. आजीला तो भेटलाच नाही.

महिन्यानं पत्र आलं, इंग्रजीत. मी बी.कॉम. आहे, पण ते इंग्रजी वेगळंच असतं. मोबाईलवर एकेक शब्द बघत मी ते पत्र दुकानात बसून वाचलं. मतलब असा होता की यंत्राचा जनावराशी प्रत्यक्ष संपर्क झाल्याचं दिसत नाही, सबब दावा बसत नाही.

मी डीलरला फोन लावला. तो समजावणीच्या सुरात म्हणाला, "ताई, तुम्ही कशाला खरं सांगत बसलात? पातं लागलं म्हणायचं होतं. अजून वेळ आहे. पुन्हा अर्ज करा, म्हणावं घाबरून आधी नीट सांगता आलं नाही."

"पातं लागलेलं नाही."

"ते कोण बघायला आलं होतं?"

आता आठवलं तरी कानशिलं तापतात. म्हणजे मी खोटं बोलले असते तर पॉलिसी चालणार होती आणि खरं बोलले म्हणून बंद पडली! मी त्याला म्हटलं, "खोटं बोलून मिळणारा विमा मला नको. खरं बोलून मिळणारा पाहिजे. असला तर दाखवा."

"असला विमा नसतो, ताई," तो म्हणाला.

"बघते," म्हणून मी फोन ठेवला.

आजीचं मात्र थांबवून चालणार नव्हतं. लग्नांसाठी वापरायचं ते लहान ड्रोन मी विकलं आणि तिला एक गाभण म्हैस घेऊन दिली. म्हैस निवडायला आजीच माझ्याबरोबर आली. व्यापाऱ्याच्या दावणीतल्या सात म्हशी तिनं नापसंत केल्या. आठवीचे दात बघितले, कास चाचपली, शेपूट उचलून बघितलं आणि म्हणाली, "ही बरी हाय. पयलीवानी नाय, पर बरी हाय." आभार मानले नाहीत, आणि मानायचं काही कारणही नव्हतं. वाडीकडे वळताना एवढंच म्हणाली, "परत आलीस तर आधी सांगावा धाड. म्हशी आवरून ठेवू."

त्यानंतर मी उडवणं बंद केलं. नवरा म्हणाला, "विमा तर आहे ना कायद्यापुरता? कामं कशाला सोडतेस?"

"कायद्यापुरता आहे, म्हशीपुरता नाही," मी म्हटलं. तो हसला. पण त्या दिवशी जेवताना तोच म्हणाला, "माझी गाडी बघून कुणी सायकलवाला घाबरून गटारात गेला, तरी पोलीस मलाच उतरवतात. गाडी लागली की नाही ते नंतर." वीस वर्षं घाटात गाडी चालवणाऱ्या माणसाला जे कळतं, ते विमा लिहिणाऱ्यांना कळत नसेल असं मला वाटेना. त्यांना कळतं. आपण विचारत नाही, म्हणून ते लिहीत नाहीत.

मग मी विचारायला लागले. पासपोर्ट फोटोंच्या मधल्या वेळात एका वहीत प्रश्न लिहीत गेले. आवाजानं जनावर उधळलं तर? भिऊन माणूस पडलं तर? मांडवातल्या गर्दीवर कोसळलं तर? घाटाच्या वळणाआड ड्रोन दिसेनासं झालं आणि तेवढ्यात काही झालं तर? लग्नघराच्या कौलांवर पडून कौलं फुटली तर, आणि फुटलेलं कौल कुणाच्या डोक्यात गेलं तर? एक प्रश्न मला हिरकणीवाडीतल्या एका बाईनं दिला. रायगडाच्या पायथ्याला तिचं पिठलं-भाकरीचं छोटं हॉटेल आहे, तिथे माझी ओळख होती. ती म्हणाली, "वर कड्याला आग्या मोहोळं लटकलेली हायत. तुझं ते घुंई घुंई ऐकून माश्या उठल्या, नि खाली येणारे-जाणारे फोडून काढले तर कोन भरनार?" मी तेही लिहून घेतलं.

महाडमध्ये एक एजंट आहेत. आयुर्विमा, गाडी, दुकान, सगळं काढतात. अर्ध्या गावाचे विमे त्यांच्याकडे. त्यांनी माझी वही हातात घेतली, चष्मा लावला, वाचली आणि मोठ्यानं हसले.

"मधमाश्यांचा विमा?" ते म्हणाले. "वहिनी, एवढं कोण विचारतं? मोबाईलवर दिवसाच्या हिशोबानं स्वस्तात मिळतो. ज्या दिवशी उडवाल, त्या दिवसाचा घ्या. कुणी अडवलं तर दाखवायला कागद झाला."

"मला अडवणाऱ्याला दाखवायला नकोय," मी म्हटलं. "ज्याचं नुकसान होईल त्याला द्यायला पाहिजे."

त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. माणूस वाईट नाही. दुकानाला पुराचं पाणी लागलं होतं तेव्हा त्यांनीच माझे कागद जमवून दिले होते. पण या बाबतीत त्यांना माझा कंटाळा आला, ते दिसत होतं. मी वही घेऊन उठले.

पनवेलच्या एका बाईंचा फोन नंबर मला पुण्याच्या सरांनी दिला. त्या वेगवेगळ्या कंपन्यांचे विमे बघून देत. पहिल्याच फोनवर त्यांनी मला वीस मिनिटं बोलू दिलं. मग म्हणाल्या, "तुम्ही पॉलिसीचं पहिलं पान वाचता की शेवटचं?"

"पहिलं."

"शेवटून वाचा. काय मिळणार ते पुढे लिहितात. काय मिळणार नाही ते मागे."

त्यांनी चार कंपन्यांच्या पॉलिसी पाठवल्या. दुकानात झेरॉक्स मशीन आहे, त्यामुळे छापून काढायला अडचण नव्हती. मी शेवटून वाचायला बसले. एकीत गर्दीवरचं उड्डाण वगळलेलं. एकीत भरपाईची रक्कम डोळ्यांत भरेल अशी, पण ती वर्षभरात मिळून एकदाच. एकीत ड्रोन फुटलं तर सगळं देणार, दुसऱ्याचं फुटलं तर जेमतेम. माझ्या यंत्राचं काय व्हायचं ते होईल, ते मी सोसेन. यंत्र मी हौसेनं घेतलं आहे. आजीनं ते घ्यायला सांगितलं नव्हतं. म्हणून यंत्राचा भाग कमी करून तिसऱ्याचा भाग वाढवायचा, हे मी ठरवून टाकलं. पनवेलच्या बाई म्हणाल्या, "सगळे उलटं करतात."

"करू देत," मी म्हटलं.

चौथ्या पॉलिसीत मागच्या बाजूला एक ओळ होती. तिचा अर्थ मला तीनदा वाचून लागला. तुम्ही करार करून दुसऱ्याची जबाबदारी आपल्या डोक्यावर घेतली असेल, तर ती या विम्यात येणार नाही. मी त्या ओळीखाली पेन्सिलीनं रेघ मारली आणि बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "ही ओळ जवळजवळ सगळीकडे असते. ठेकेदार तुमच्याकडून काय लिहून घेतो त्यावर लक्ष ठेवा."

तीच पॉलिसी घ्यायची ठरली, पण माझा एक हट्ट होता. उड्डाणाच्या आवाजानं किंवा भीतीनं झालेलं नुकसान धरलं जाईल, स्पर्श व्हायला पाहिजे असं नाही, हे कागदावर पाहिजे. कंपनीनं तोंडी सांगितलं, "धरलं जाईल." मी म्हटलं, "लिहा." त्यांनी ईमेल केला की सामान्यतः धरलं जातं. मी कळवलं की 'सामान्यतः' काढा. असं सात आठवडे चाललं. कंपनीतल्या कुणीतरी पनवेलच्या बाईंना विचारलं म्हणे, की या महाडच्या बाई वकील आहेत का. शेवटी पॉलिसीला जोडायची पुरवणी आली. जनावरं आणि माणसं घाबरून झालेलं नुकसान त्यात होतं. अट एवढीच की वस्तीला आधी सांगितलेलं असावं. ती अट मला आजीनं कधीच घातली होती. मधमाश्यांना मात्र त्यांनी साफ नकार दिला. मीही मग कड्याजवळची कामं नाकारली, आजही नाकारते.

पुरवणी हातात यायच्या आधी पंधरा दिवसांची गोष्ट. आंबेनळी घाटात दरडी कुठे सैल आहेत ते बघायचं मोठं काम निघालं. ठेकेदार कंपनीचं ऑफिस पोलादपूरला, महामार्गाच्या कडेला लोखंडी कंटेनरमध्ये. तिथल्या साहेबांनी करार पुढे सरकवला आणि पेन दिलं. मी करारही शेवटून वाचायला घेतला. साहेबांनी घड्याळ बघितलं.

अकराव्या कलमात लिहिलं होतं की कामाच्या जागी कोणत्याही कारणानं होणाऱ्या कोणत्याही नुकसानीची जबाबदारी ड्रोनचालकाची राहील.

"कोणत्याही कारणानं?" मी विचारलं. "तुमच्या जेसीबीनं दगड सुटला आणि खालच्या गाडीवर पडला तर?"

"तसं काही होत नाही, ताई. हा छापील मजकूर आहे. सगळे सही करतात."

"मी सही केली तर माझा विमा यातलं काही देणार नाही. तुमची जबाबदारी मी घेतली असं होईल. मग दगड तुमचा, गाडी तिसऱ्याची, आणि घर माझं विकायचं."

"मग विम्याला सांगू नका."

"माझ्या ड्रोननं जे होईल ते माझं," मी म्हटलं. "ते मी सोडणार नाही. पाहिजे तर माझ्या विम्यात तुमचं नाव जोडून देते, माझ्या उडवण्यामुळे तुमच्यावर काही आलं तर तोही भाग येईल. तुमच्या जेसीबीचं तुम्ही बघा."

साहेब खुर्चीत मागे रेलले. "ताई, मुंबईची पोरं रांगेत उभी आहेत या कामाला. न वाचता सही करतील."

"मग त्यांना बोलवा."

मी उठले. काम मोठं होतं, आणि पाच महिने मी एकदाही उडवलं नव्हतं. बाहेर येऊन महाडच्या गाडीची वाट बघत उभी राहिले तेव्हा मनात आलं, मागे जावं, सही करावी, काय व्हायचंय! कुठे दगड सुटतोय! मग मला तो पाहणीला आलेला माणूस आठवला, डोंगराचा फोटो काढून परत जाणारा. त्याच्या भरवशावर मला परत जायचं नव्हतं. गाडी आली. मी चढले.

नवऱ्याला सांगितलं. त्यानं ड्यूटीचा शर्ट खुंटीला अडकवला. मग म्हणाला, "पेन त्यांचंच होतं ना? ठेवून आलीस ना?" मी म्हटलं, "टेबलावर आपटून आले." तो म्हणाला, "मग ठीक."

आठ दिवस मी शाळेतल्या मुलांचे ओळखपत्राचे फोटो काढले. नवव्या दिवशी पोलादपूरहून फोन आला. साहेबच होते. मुंबईहून एक जण आला होता, त्यानं सहीही केली होती, पण ठेकेदार कंपनीच्या मुख्य ऑफिसनं त्याच्याकडे विम्याचे कागद मागितले. त्याच्याकडे दिवसाच्या हिशोबाचे होते, आणि त्यात घाट बसत नव्हता. "तुमचं कुठवर आलंय?" साहेबांनी विचारलं.

"पुरवणी येतेय. कलम?"

"या तर खरं."

गेले. अकराव्या कलमावर त्यांनी पेनानं आडवी रेघ मारली. मी म्हटलं, "रेघेशेजारी सही करा. आणि शिक्का."

"ताई, किती तो अविश्वास!"

"अविश्वास नाही. उद्या तुमची बदली झाली तर या रेघेला कोण ओळखणार?"

त्यांनी सही केली. शिक्का सापडेना, तर मी थांबते म्हणाले. त्यांनी चहा मागवला, माझा चहा होईपर्यंत शिक्का सापडला. 'ड्रोनच्या उड्डाणामुळे होणारे नुकसान' एवढंच हातानं नवीन लिहिलं, त्यावर दोघांच्या सह्या झाल्या. पुरवणी आली त्या सोमवारी मी घाटात उडवलं. खालच्या दोन वस्त्यांना आदल्या दिवशी स्वतः जाऊन सांगितलं. एक दरड खरोखरच सुटायला आली होती; फोटोंत तिच्या वरची भेग स्पष्ट दिसली, आणि पावसाच्या आधी ती उतरवून घेतली. त्या कामाचे फोटो माझ्या दुकानात लावलेले आहेत, वधूवरांच्या शेजारी.

मागच्या महिन्यात नात्याचा एक फोटोवाला दुकानात आला. माझ्याच वयाचा, तोही ड्रोन उडवतो. त्याच्या हातात दुसऱ्याच एका ठेकेदाराचा करार होता. त्यात तेच वाक्य होतं, फक्त कलमाचा आकडा वेगळा. मी त्याला झेरॉक्स काढून दिली आणि त्या वाक्याखाली रेघ मारली.

"एवढं नको म्हणून सांग," मी म्हटलं. "बाकी सही कर."

तो कागदाकडे बघत राहिला. "नि काम गेलं तर?"

"जाईल कदाचित. माझं आठ दिवस गेलं होतं."

"परत आलं ना पण?"

"आलं. नसतं आलं तरी सही केली नसती."

त्यानं कागदाची घडी खिशात घातली आणि झेरॉक्सचे पैसे विचारले. मी नको म्हटलं. दुपारी पोलादपूरला जायचंय म्हणाला, ठेकेदाराकडे. मी त्याला सांगितलं, पेन स्वतःचं घेऊन जा.